एकाच वेळी दोन पदव्या

दोन पूर्णवेळ अभ्यासक्रमांना एकाच वेळी प्रवेश घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२मध्ये दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करावयाचे असल्यास त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, ही मुख्य अट. त्यांपैकी एक किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीनेही करता येतात. मात्र ते आयोगमान्य संस्थेचेच हवेत. पीएच.डी.ला ही सवलत नाही. आयोगाची मुभा म्हणजे विद्यापीठाची परवानगी नव्हे. त्यासाठीची व्यवस्था प्रत्येक विद्यापीठाने आपल्या वैधानिक मंडळांमार्फत करावयाची असते. खरी कसोटी हजेरीची आणि परीक्षांची. सकाळच्या सत्रातील वाणिज्य शाखेसोबत दुपारचे महाविद्यालय एकवेळ जमेल. पण दोन्हीकडील परीक्षा एकाच दिवशी आल्यास काय, याची लेखी विचारणा शुल्क भरण्यापूर्वीच केलेली बरी.