अप्रॉक्सएमसी

तार्किक सूत्राला किती उकली आहेत, याचा हमीसह अंदाज देणारी संगणकप्रणाली. पवईच्या आयआयटी मुंबईतील सुप्रतीक चक्रवर्ती, अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे मोशे वार्दी आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर कुलदीप मील यांनी ती २०१३ मध्ये मांडली.

उकली एकेक करून मोजणे अशक्यप्राय असते. म्हणून ही प्रणाली सूत्रावर यादृच्छिक एक्सॉर अटी, म्हणजे सम-विषमतेच्या अटी लादून उकलींचे साधारण सारखे गट पाडते. मग एकाच गटातील उकली मोजून त्या संख्येला गटांच्या संख्येने गुणते. प्रत्यक्ष उकल शोधण्याचे काम माटे शोश यांच्या क्रिप्टोमिनिसॅट या सॉल्व्हरकडे असते.

खरे कौशल्य सॉल्व्हरच्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसचे आहे. साध्या सॉल्व्हरला फक्त ‘किंवा’ने जोडलेली विधाने, म्हणजे क्लॉज, समजतात. नवे चल न आणता २० चलांची एक एक्सॉर अट तशी लिहायची तर ५,२४,२८८ क्लॉज लागतात. क्रिप्टोमिनिसॅटच्या इंटरफेसमध्ये एक्सॉर थेट देता येते. दुसरी सोय तात्पुरत्या गृहीतकांची : प्रत्येक अटीला एक जादा चल जोडला की ती हवी तेव्हा लागू करता येते किंवा सोडता येते, आणि आधीच्या शोधात शिकलेले क्लॉज टिकून राहतात. ही सोय नसती तर प्रत्येक फेरी शून्यापासून सुरू करावी लागली असती.

२०१६ च्या सुधारणेने सॉल्व्हरला कराव्या लागणाऱ्या विचारणांची संख्या चलसंख्येच्या लॉगरिदमच्या प्रमाणात आणली. २०१९ मध्ये शोश व मील यांनी एक्सॉर अटी आणि सूत्राचे सुलभीकरण यांची सांगड घातली. पायथॉनमधूनही ही प्रणाली वापरता येते.