पऱ्हाटी इथली, लढाई तिथली

आज आपण अमेरिकेत जाणार आहोत, पण यवतमाळच्या वावरातून.

१८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांचा जवळजवळ ८० टक्के कापूस अमेरिकेतून यायचा. तो पिकवणारे मुख्यतः गुलाम. त्या वर्षीच्या खानेसुमारीत त्यांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. दिवसभर वेचणी, खांद्याला लांब पिशवी, संध्याकाळी वजन. वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक!

१८६१ मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या सरकारनं दक्षिणेची बंदरं रोखली आणि गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. वऱ्हाड १८५३ पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होतं. भाव चढले, तसा पऱ्हाटीचा पेरा वाढला. यवतमाळला रेल्वे आली ती बरीच नंतर. तोवर इथला कापूस बैलगाडीनंच निघायचा.

१८६५ मध्ये युद्ध संपलं नि भाव कोसळले. मुंबईतले सट्टेवाले बुडाले, ते इतिहासात ठळकपणे येतं. मला शोधावासा वाटतो तो वावरातला माणूस. सरकारचा सारा रोखीत, बियाणं उधारीत. भाव उतरला तरी सावकाराच्या वहीतला आकडा काही उतरत नाही.

आणि अमेरिकेत? गुलाम मुक्त झाले, पण जमीन मिळाली नाही. बरेच जण जुन्या मालकांच्याच शेतात बटईनं राबू लागले. मीठ-पीठ दुकानातून उधार, हिशेब सुगीला. हिशेबाअंती बहुतेकदा देणंच निघायचं.

आता, गुलामी आणि कर्ज एकच, असं मी म्हणत नाही हं. कर्जदाराची लेकरं बाजारात विकली जात नव्हती. पण पीक एकाचं, भाव दुसऱ्याचा, ही गाठ दोन्हीकडे सारखीच होती.

आपल्याकडे ही दोन्ही दुःखं एकाच माणसानं ओळखली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि दहा वर्षांनी त्यांनीच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

आजही यवतमाळात वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो आणि बाया आपापलं गाठोडं घेऊन रांगेत उभ्या राहतात. कापसाचा इतिहास ऐकायचा तर तो त्या काट्यापासून ऐकावा, असं मला वाटतं.

भेटू पुढच्या भागात.