स्लॅब पडला! मंगळवार पेठेच्या छपरांची कहाणी

१/ मराठीतील काही वाक्ये परक्या माणसास घाबरवतील अशी आहेत. "काल आमचा स्लॅब पडला, पेढे घ्या," हे त्यांपैकी एक. येथे पडला म्हणजे कोसळला नव्हे, ओतून पूर्ण झाला. मित्रहो, किल्ले आणि लढाया यांवर आपण नेहमीच वाचतो. आजचा धागा आपल्याच डोक्यावरच्या छपराचा.

२/ कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून नंगीवली चौकाकडे चालत जा आणि नजर वर ठेवा. दोन उंच इमारतींच्या बेचक्यात अजूनही एखादे कौलारू घर दिसते. जाड भिंती, लाकडी तुळया, उतरते छप्पर. आधी कुंभाराची नळीची कौले होती. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल घरोघर पोहोचले. गगनबावड्याकडून येणारा पाऊस पाहता उतरते छप्पर हेच शहाणपण होते.

३/ सपाट छप्पर आपणांस ठाऊक नव्हते असे नाही. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या मुलखात मातीचे माळवद होतेच. परंतु आमच्याकडच्या पावसात माळवद टिकणे कठीण. मग पाऊस तोच असताना पेठेने उतार सोडून सपाटी का पत्करली? याचे उत्तर मला तरी हवामानात सापडत नाही, ते कुटुंबात सापडते. कौलांवर मजला चढत नाही, स्लॅबवर चढतो. पेठेतील जागा अरुंद, भाऊ चार. आडवे वाढता येत नाही, तेव्हा उभे वाढायचे.

४/ आता थोडे मागे जाऊ. अनेक किल्ल्यांवर गोल चर आणि त्यात दगडी चाक आपण पाहिले असेल. तो चुन्याचा घाणा. बैल चाक फिरवीत आणि चुना-वाळू मळली जाई. हा घाणीचा चुना दगड घट्ट धरून ठेवी. पण त्याचे आणि दगडाचे एक दुबळेपण सारखे: दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणूनच पन्हाळ्याच्या अंबारखान्याचे छत आतून वक्र आहे. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यास रेटतो, कोणावर ताण येत नाही. सपाट छत मात्र मधोमध वाकू पाहते आणि त्याची खालची बाजू ताणली जाते.

५/ काँक्रीटचेही असेच. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाबाच्या मानाने साधारण एक दशांश. इंग्लंडच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तरी हा प्रश्न राहिलाच. तो सुटू लागला एका बागवानामुळे! फ्रान्सच्या जोसेफ मोनिएने कुंड्या फुटू नयेत म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली. पेटंटाचे साल १८६७. पुढे १८९२ मध्ये आनबिकने खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध बांधण्याची पद्धत सिद्ध केली. आपल्या स्लॅबमधील मुख्य सळ्या तळाशी का, याचे उत्तर हेच. खोलीच्या मधोमध ताण तळाशी असतो.

६/ भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट निघू लागले. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात सिमेंटवर सरकारी नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके ते राहिले. घर बांधायचे तर आधी परमिट. जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पद सोडावे लागले, ते सिमेंट वाटपाच्याच प्रकरणात. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णतः. पेठेतील कौले झपाट्याने उतरू लागली ती या काळात.

७/ आमच्या घराचा स्लॅब १९८४ च्या एप्रिलमधला. ६०० चौरस फूट, जाडी ५ इंच, मिश्रण १:२:४. हिशेब मांडा: सुमारे ४५ पोती. काही परमिटवर, उरलेली खुल्या बाजारात चढ्या भावाने. आजोबांनी ती पोती माजघरात, जमिनीपासून वर फळ्यांवर रचली होती. ओल लागली की सिमेंट जागीच दगड होते. आजी म्हणे, त्या महिन्यात देवघराहून अधिक पहारा पोत्यांवर होता.

८/ पहाटे नारळ फुटला. खाली मिश्रण, शिडीवर माणसांची रांग, हातोहात घमेली वर. तालमीतली पोरेही रांगेत उभी राहिली. एकदा सुरू झालेला स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. कालचे काँक्रीट आणि आजचे यांत सांधा राहतो आणि पाणी नेमके तेथूनच वाट काढते. संध्याकाळी सर्वांस तांबडा-पांढरा आणि मटण. (हा खर्च सिमेंटच्या हिशेबात धरला जात नाही, तो धरावा.)

९/ दुपारी उन्हात घमेली जड होतात, तेव्हा "थोडं पाणी घाला की" अशी हाक येते. पातळ मिश्रण सहज पसरते, पण त्याची किंमत मोजावी लागते. डफ एब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्येच दाखवून दिले की सिमेंटच्या मानाने पाणी वाढले की ताकद घटते. जादा पाणी उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते.

१०/ पृष्ठभाग घोटण्यातही घाई नडते. वर आलेले पाणी निघून चकाकी मावळली की मगच लाकडी रंधा फिरवायचा, उतार पन्हाळीकडे ठेवायचा. ओल्या जागी कोरडे सिमेंट भुरभुरणे ही गवंड्यांची आवडती युक्ती. त्याने वर पापुद्रा येतो आणि पुढे तो सुटतो.

११/ आणि मग पाणी मारणे. काँक्रीट वाळून कठीण होते हा सार्वत्रिक गैरसमज. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून ते कठीण होते. पाणी संपले की क्रिया थांबते. म्हणून स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवतात. आजच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस, मिश्र सिमेंटला १४ दिवसांची शिफारस. लोखंडी स्लॅबसाठी १:२:४ सुद्धा आता पुरेसे मानले जात नाही. किमान एम २० हवे, म्हणजे ढोबळमानाने १:१॥:३.

१२/ आमच्या आळ्यांत आजोबा रोज पहाटे घागरीने पाणी भरीत. तिसऱ्या दिवशी घरचे सारे एका लग्नास गेले. स्वयंपाकघरावरच्या कोपऱ्यातील आळे फुटले आणि दोन दिवस तेवढा भाग एप्रिलच्या उन्हात कोरडा पडला. परतल्यावर आजोबांनी ते पुन्हा बांधले, पण तोवर बारीक भेगा उमटल्या होत्या. त्यांवर सिमेंटचा हात फिरवून विषय मिटला.

१३/ गेल्या उन्हाळ्यात गवंड्याने खालून हातोडीने स्लॅब ठोकून पाहिला. बैठकीवर आवाज टणक आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बद्द. गिलावा काढला, तर गंजाने फुगलेल्या सळ्यांनी काँक्रीटच ढकलून फोडले होते. चाळीस पावसाळे त्या भेगांतून झिरपले होते. बाकीचा स्लॅब ठेवा, म्हणाला. एवढा कोपरा मात्र फोडावा लागेल.