बनारसची घरपट्टी आणि गल्लीचं फाटक

मागच्या भागात आपण व्हर्जिनियात होतो. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ११ वसाहतींचे २२ प्रतिनिधी जमले आणि इंग्रजांच्या अमेरिकेतली पहिली लोकनियुक्त सभा भरली, हे आपण पाहिलं. आज मी वाराणसीतून बोलतोय. इथेही इंग्रजांची कंपनी होती आणि आपला कारभार आपण पाहायची सवय असलेला समाजही होता. मग इथे तशी सभा का उभी राहिली नाही?

दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा आपल्या मराठी माणसांचा जुना भाग. तिथून मी गल्ल्यागल्ल्यांतून चौकाकडे चालत आलो. या शहरात अजून ‘फाटक शेख सलीम’सारखी मोहल्ल्यांची नावं आहेत. ही फाटकं एकेकाळी खरोखर होती. रात्री मोहल्ल्याचं फाटक बंद व्हायचं, चौकीदार पहारा द्यायचा आणि त्याचा पगार मोहल्ल्यातली घरं वर्गणी काढून द्यायची. याला फाटकबंदी म्हणत. कारागिरांचे तंटे जातपंचायतीत सुटत. म्हणजे पहारा, वर्गणी आणि निवाडा या तिन्ही गोष्टी लोकांच्याच हातात होत्या.

बनारस १७७५ मध्ये कंपनीकडे आलं. १८१० मध्ये कलकत्त्याहून कायदा सुटला: राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर ५ टक्के कर आणि दुकानांवर १० टक्के. शहरातल्या कोणालाही विचारलं नव्हतं.

डिसेंबर संपता संपता शहर थांबलं. दुकानं बंद झाली. लोहार, मिस्त्री, विणकर, न्हावी, शिंपी, कहार यांनी काम सोडलं, नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या. ‘धर्मपत्री’ गावोगाव फिरल्या आणि लोक शहराबाहेर मोकळ्या मैदानात धरणं धरून बसले. तेव्हाचा कलेक्टर आपल्या पत्रात २० हजारांहून जास्त लोकांची गोष्ट करतो. आणि हे लक्षात घ्या, जेमतेम एका वर्षापूर्वी, १८०९ मध्ये, लाट भैरोच्या जागेवरून याच शहरात हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. तीच माणसं आता एकत्र बसली होती.

लोकांनी अर्जही केला. त्याचा मुद्दा साधा होता: आधीच्या बादशहांनी मालगुजारी घेतली, पण राहत्या घरावर कधी हात टाकला नाही. शिवाय स्टॅम्पचा खर्च आणि जकात आधीच वाढली आहे, त्यात आणखी हे ओझं कशाला?

एवढी माणसं काय केवळ उत्साहाने बसली होती? नाही. पंचायतीचा धाकही होता. जो येणार नाही त्याला जातीबाहेर काढायची भीती होती. म्हणून या समाजाला आपण फार गोड रंगवू नये. व्हर्जिनियालाही नको. ज्या १६१९ मध्ये तिथे सभा भरली, त्याच वर्षी पहिले आफ्रिकी गुलाम त्या किनाऱ्यावर विकले गेले.

शेवटी राजा उदितनारायण सिंह मध्ये पडले आणि जानेवारी १८११ च्या अखेरीस लोक उठले. कर लगेच गेला नाही. १८१२ मध्ये तो कायदा रद्द झाला.

म्हणजे लोक जिंकले? इथे मला थोडं थांबायचं आहे. १७६५ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवर स्टॅम्प कर लादला. तिथेही दंगा झाला, बहिष्कार झाला आणि १७६६ मध्ये कर मागे घेतला गेला. त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून बजावलं की तुमच्यावर कायदे करायचा आमचा हक्क कायम आहे. बनारसमध्येही तेच झालं. कर गेला, पण न विचारता कर लावायचा अधिकार कलकत्त्यातच राहिला.

फरक त्यानंतर पडला. अमेरिकेत वसाहतींच्या सभा होत्या. पुढचा कर आला तेव्हा त्या पुन्हा बसल्या, ठराव केले, एकमेकींना पत्रं पाठवली. बनारसची माणसं मैदानातून घरी गेली आणि त्यांना बसायला जागाच उरली नाही. कंपनीने ती दिलीही नसती. यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे हरलेला लॉर्ड कॉर्नवॉलिसच पुढे इथे गव्हर्नर-जनरल झाला आणि १७९३ च्या त्याच्या व्यवस्थेत वरच्या जागा हिंदी माणसाला बंद झाल्या. त्याची कबर इथून जवळच, गाझीपूरला आहे. स्थानिक स्वराज्याचा लॉर्ड रिपनचा ठराव यायला १८८२ उजाडलं.

मला यातून एवढंच कळतं: हरताळाने कर जातो, पण आवाज टिकतो तो सभेत. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ तिथला कारभार प्रशासकांनी पाहिला. घरपट्टी आपण भरतच होतो. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक नाही, म्हणून आपल्यापैकी किती जण अस्वस्थ झालो?

बनारसच्या लोहाराकडे सभा नव्हती, म्हणून तो थंडीत मैदानात बसला. आपल्याकडे सभा आहे. ती रिकामी राहिली, तर निदान आपल्या लक्षात तरी यायला हवं.