पस्तिशीची रेघ

आईचे वय वाढले की बाळात डाउन सिंड्रोम आढळण्याचे प्रमाण वाढते, वडिलांच्या वयाशी त्याचा तसा संबंध नाही, हे लायोनेल पेनरोज यांनी 1933 मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले. कारण 1959 मध्ये फ्रान्समध्ये सापडले: पेशीत 21 व्या क्रमांकाचे एक गुणसूत्र जादा. तरीही उशिराच्या गरोदरपणातली धास्ती बाळंतपण होईपर्यंत तशीच मनात वागवावी लागे.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भजल परीक्षा आली. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून लांब सुई घालून चार चमचे पाणी काढायचे, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि दोन-तीन आठवडे निकालाची वाट पाहायची. सुईने गर्भपाताचा थोडा धोका होता. दोष सापडण्याची शक्यता या धोक्याच्या जवळपास येते ते वय म्हणून पस्तिशी ठरली. म्हणजे ही रेघ शरीराने नव्हे, हिशेबाने आखली. विशीत साधारण 1500 त एक असलेली डाउनची शक्यता पस्तिशीत सुमारे 350 त एक होते, एका रात्रीत नव्हे.

भारतात हीच परीक्षा मुलगी ओळखण्यासाठी वापरली गेली. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा 1994 मध्ये झाला. त्यातही पस्तिशीपुढच्या गरोदर स्त्रीला दोष शोधण्यासाठी तपासणीची मुभा राहिली. पुढे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची सोनोग्राफी आणि 2011 पासून आईच्या रक्तावरची डीएनए चाचणी आली. या चाचण्या फक्त शक्यता सांगतात; खात्रीसाठी अजूनही सुईच लागते.