सुवर्णगणेश, दिवेआगरचा
सुवर्णगणेश, दिवेआगरचा : रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर येथे १९९७ मध्ये एका खाजगी वाडीत भूमिगत स्थितीत मिळालेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा. लोकव्यवहारात त्याचा उल्लेख सर्रास ‘मूर्ती’ असा होतो. तथापि मुखवटा व मूर्ती यांतील भेद प्रस्तुत विषयात महत्त्वाचा आहे.

दिवेआगर हे नारळी-पोफळीच्या वाड्यांनी वेढलेले समुद्रकाठचे प्राचीन गाव. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात ते भरभराटीस आलेले होते, असे तेथील अवशेषांवरून दिसते. रूपनारायणाच्या मंदिरातील विष्णुमूर्ती, तिच्या प्रभावळीत कोरलेले दशावतार आणि येथे मिळालेले ताम्रपट ही त्याची साक्ष होय. शके ९८२ (इ. स. १०६०) मधील दिवेआगरचा ताम्रपट मराठी भाषेतील अगदी आरंभीच्या ताम्रपटांत मोडतो व भाषेच्या अभ्यासकांना तो सुपरिचित आहे. पुढे हा प्रदेश जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अंमलाखाली गेला आणि संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत त्या संस्थानात राहिला. अशा भूमीत खणताना जुनी वस्तू हाती लागणे ही अनपेक्षित गोष्ट नव्हे. अनपेक्षित होती ती वस्तूची जात. पाषाणाच्या मूर्ती कोकणात अनेक ठिकाणी मिळाल्या आहेत. सोन्याचा मुखवटा मिळण्याचे उदाहरण विरळाच.

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी गावातील एका महिलेच्या सुपारीच्या वाडीत खोदकाम चालू असता तांब्याची पेटी लागली. तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा व काही अलंकार होते. मुखवट्याचे वजन एक किलोग्रॅमहून अधिक होते. तो दिवस संकष्ट चतुर्थीचा होता. गणेशभक्तांच्या दृष्टीने या योगाला योगायोग म्हणणे अशक्यच होते. वार्ता पसरताच पंचक्रोशीतून आणि पाठोपाठ मुंबई-पुण्याकडून लोक दर्शनास येऊ लागले. मुखवटा गावातील गणेशमंदिरात पूजेसाठी ठेवण्यात आला व अल्पावधीत त्याची ‘सुवर्णगणेश’ म्हणून ख्याती झाली.

भूमीतून देव प्रकट होण्याची कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. अष्टविनायकांपैकी महड येथील वरदविनायकाची मूर्ती १६९० मध्ये तळ्यात सापडली व १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले, अशी परंपरा आहे. अनेक क्षेत्रांच्या कथांत धन्याला किंवा गुराख्याला स्वप्नात दृष्टांत होतो, गाय एकाच जागी पान्हा सोडते आणि त्या जागी खणले असता देव निघतो. अशा देवाला भाविक ‘स्वयंभू’ व ‘जागृत’ मानतात. त्याला कोणी घडविले व कोणी पुरले, हे प्रश्न मागे पडतात. दिवेआगरची घटना वर्तमानपत्रांच्या युगातील असल्याने तिची तिथी, स्थळ व साक्षीदार निश्चित आहेत. भाविकांचा प्रतिसाद मात्र त्याच जुन्या वळणाने गेला.

मुखवटा ही स्वतंत्र उपास्य मूर्ती नव्हे. सणा-उत्सवाच्या दिवशी पाषाणमूर्तीवर अथवा पालखीत मिरविण्यासाठी धातूचा मुखवटा वापरण्याची प्रथा महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांत आहे. तेव्हा दिवेआगरचा मुखवटाही मूळ एखाद्या मूर्तीचा उत्सवी साज असावा आणि आक्रमणाच्या किंवा लुटीच्या भयाने तो अलंकारांसह पेटीत घालून पुरला असावा, असे अनुमान करता येते. एरवी पेटीत बंद राहणारा हा साज भक्तांच्या गर्दीने स्वतःच देव ठरविला.

कायद्याची दृष्टी वेगळी असते. भारतीय निखात निधी कायद्यानुसार (१८७८) जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यास कळवावी लागते. मूळ धनी न मिळाल्यास सर्वसाधारणपणे तीन-चतुर्थांश हिस्सा शोधणाऱ्याचा व एक-चतुर्थांश भूमिस्वामीचा ठरतो. योग्य मोल देऊन वस्तू संपादन करण्याचा अधिकार शासनाला असतो. म्हणजे या कायद्याच्या लेखी सापडलेला देव हा प्रथम ‘निधी’ असतो. भाविकांच्या लेखी त्याची वाटणी किंवा किंमत संभवतच नाही.

सापडलेला देव लोकांसमोर आलाच नाही, तर काय घडते याचे उदाहरण तमिळनाडूत मिळते. तंजावर भागातील पत्तूर येथे १९७६ मध्ये एका मजुराला आपल्या झोपडीजवळ खणताना चोलकालीन कांस्यमूर्ती मिळाल्या. त्यांतील नटराज दलालांमार्फत गुपचूप विकला जाऊन लंडनला पोहोचला व १९८२ मध्ये एका कॅनेडियन कंपनीने तो विकत घेतला. पुढे भारतातर्फे झालेल्या दाव्यात गावातील भग्न शिवमंदिराचा हक्कही मांडला गेला आणि इंग्लंडच्या न्यायालयाने तो मान्य केला. १९९१ मध्ये नटराज परत आला. दिवेआगरला असा कज्जा उद्‌भवलाच नाही, कारण वस्तू व गाव यांच्यामध्ये दलाल शिरण्यापूर्वीच भाविक येऊन पोहोचले होते.

या दर्शनार्थींमुळे गावाचे अर्थकारण पालटले. सुपारी, नारळ व मासेमारी यांवर जगणाऱ्या गावात घरोघरी निवासाची व भोजनाची सोय होऊ लागली आणि लांब, स्वच्छ पुळणीचा लौकिक झाल्याने पर्यटकही वाढले. देवदर्शनाला येणारा कोण व समुद्रस्नानाला येणारा कोण, हे वेगळे करणे कठीण झाले. तसे करण्याची गावाला गरजही नव्हती.

२३–२४ मार्च २०१२ च्या रात्री मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांची हत्या करून दरोडेखोरांनी मुखवटा व अलंकार पळविले. आरोपी पुढे सापडले, पण तोवर मुखवटा वितळविला गेला होता. पोलिसांच्या हाती केवळ सोने आले. अलिबाग येथील विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये आरोपींना दोषी ठरविले व त्यांपैकी काहींना जन्मठेपेची शिक्षा दिली. दरोड्यानंतर भाविकांचा ओघ आटला आणि त्याची झळ गावातील लहान व्यावसायिकांना बसली. इतिहासाची हानी याहून मोठी होती. घडणीवरून, धातूच्या मिश्रणावरून किंवा कारागिरीच्या खुणांवरून मुखवट्याचा काळ ठरविण्याची जी शक्यता होती, ती मुशीत संपली. छायाचित्रे उरली, पण ती वस्तूची जागा घेऊ शकत नाहीत.

धर्मशास्त्रीय निबंधांत मूर्ती भंगल्यास, दग्ध झाल्यास किंवा स्थानभ्रष्ट झाल्यास तिच्यातील देवत्व निघून जाते असे मानले आहे व पुनःप्रतिष्ठेचा विधी सांगितला आहे. दिवेआगरकरांनी तोच मार्ग धरला. हस्तगत झालेले सोने न्यायालयीन प्रक्रियेनंतर मोकळे झाले, त्यातून मुखवटा नव्याने घडविण्यात आला आणि २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकी चतुर्थीला, त्याची मंदिरात स्थापना झाली. सोने जुने, घडण नवी असा हा मुखवटा आहे. भाविक त्यालाही सुवर्णगणेश याच नावाने ओळखतात.