कार्स्ट प्रदेशातील वनस्पती-उत्पादकता व कार्बनसाठा : मापन व अंदाज

चुनखडक, डोलोमाइट यांसारखे कार्बोनेटी खडक विरघळून घडलेल्या भूप्रदेशात वनस्पती वर्षाला किती कार्बन बांधतात आणि झाडे, मुळे व माती यांत मिळून तो किती साठून आहे, हे ठरविण्याच्या पद्धती. पृथ्वीवरील हिमविरहित भूमीपैकी सुमारे 15 टक्के भागात असे खडक आहेत. या विषयावरील बरेचसे काम नैर्ऋत्य चीनमधील ग्वेजो, ग्वांगशी व युनान या भागांत झाले आहे.

ग्वेजोविषयी एक जुनी चिनी म्हण आहे : तीन दिवस सलग ऊन नाही, तीन ली (अंतराचे चिनी माप) सपाट जमीन नाही, माणसाच्या गाठीला तीन गुंजा चांदी नाही. मापनातल्या बहुतेक अडचणी या म्हणीत येऊन जातात. चांदी नसल्यामुळे शेतकऱ्यांनी तीव्र उतारांवर मका लावला, माती धुपली आणि खडक उघडे पडले. या खडकाळ वाळवंटीकरणावर उपाय म्हणून 1999 पासूनच्या ‘शेतीऐवजी जंगल’ योजनेखाली आणि 2008 पासूनच्या खास कार्यक्रमाखाली तेथे मोठ्या प्रमाणावर वनीकरण झाले. त्याचे फलित मोजण्याची गरज पडली, तेव्हा ढग आणि डोंगर आडवे आले.

उत्पादकता म्हणजे वार्षिक आवक. साठा म्हणजे शिल्लक. आवकेसाठी सहसा प्रकाश-उपयोग कार्यक्षमतेची प्रतिमाने वापरतात. वनस्पतीने शोषलेला प्रकाश गुणिले कार्यक्षमता, असे त्यांचे साधे सूत्र असून 1993 मध्ये मांडलेले ‘कासा’ हे त्यांपैकी प्रसिद्ध प्रतिमान. शोषलेला प्रकाश उपग्रहाने टिपलेल्या हिरवेपणाच्या निर्देशांकावरून काढतात आणि तापमान व ओलावा यांनुसार कार्यक्षमता घटवतात. खरी गफलत ओलाव्यात होते. ग्वेजोत पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण भेगांतून तो लगेच खाली उतरतो. पावसाच्या आकड्यावर विसंबणारे प्रतिमान टंचाई कमी धरते. उलट, मातीच्या उथळ थरावर विसंबले तर ती जास्त धरली जाते, कारण झाडांची मुळे खडकाच्या भेगांत साठलेल्या पाण्यापर्यंत पोचतात. शिवाय ‘मोडिस’ या उपग्रहीय संवेदकाच्या 500 मीटरच्या चौकटीत शिखर, उतार आणि खोलगट शेत एकत्र मिसळतात. 30 मीटरची लँडसॅट चित्रे बारकावा दाखवतात, पण ढगांमुळे ती अपुरी पडतात.

ढगांतून पार होणारे सूक्ष्मतरंग हा एक मार्ग. वनस्पतींतील पाण्यामुळे ते किती क्षीण होतात यावरून जैववस्तुमानाचा अंदाज येतो. 2018 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या पद्धतीचा आधार घेऊन वनीकरण झालेल्या चिनी कार्स्टमध्ये जमिनीवरील कार्बन वाढल्याचे दाखवले. मात्र या मापनाची चौकट सुमारे 25 किलोमीटरची असते. हिरवेपणा वाढला म्हणजे साठा त्याच प्रमाणात वाढला, असे धरणे तर चूकच : झपाट्याने वाढणारे निलगिरीचे लागवडवन आणि ग्वेजोतील माओलान राखीव क्षेत्रासारखे जुने, सावकाश वाढणारे कार्स्ट-वन हे दोन्ही आकाशातून हिरवेच दिसतात.

प्रत्यक्ष जागेवर छातीच्या उंचीवरील, म्हणजे 1.3 मीटरवरील खोडाचा व्यास मोजून सूत्राने जैववस्तुमान काढतात. त्याचा साधारण 47 टक्के भाग कार्बन धरतात. खोल मातीतल्या झाडांवरून बसवलेली सूत्रे खुरट्या, कठीण लाकडाच्या कार्स्ट-झाडांना नीट लागू पडत नाहीत. खडकात शिरलेली मुळे तर खणून काढणेच अवघड.

सर्वांत मोठी चूक मातीत होते. खडकांमधल्या खोबणीतली माती सेंद्रिय कार्बनने समृद्ध असते, म्हणून नमुना फसवतो. समजा, माती 20 सेंमी खोल, घनता घन सेंमीला 1.1 ग्रॅम आणि कार्बन 4 टक्के आहे. हेक्टरी साठा 88 टन येतो. पण क्षेत्राचा 60 टक्के भाग उघडा खडक असेल, तर तो 35.2 टनांवर उतरतो. खडकाचे प्रमाण न देता छापलेला हेक्टरी आकडा तुलनेला घेऊ नये.

हवेतील कार्बन डायऑक्साइडची ये-जा मोजणाऱ्या मनोऱ्यांनाही येथे खडकाचा हिशेब लागतो. स्पेनमधील आल्मेरियाजवळच्या कार्स्टवर कोरड्या ऋतूत भूगर्भातील पोकळ्यांमधून बाहेर पडणारा वायू नोंदला गेला. त्याला वनस्पतींचे श्वसन समजले असते, तर उत्पादकता चुकीची निघाली असती. खडक विरघळतानाही हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्यात जातो. कार्बोनिक आम्लाने चुनखडक विरघळला, तर त्या बायकार्बोनेटमधील निम्मा कार्बन खडकाचा असतो. सल्फ्युरिक आम्लाने विरघळला, तर सगळाच खडकाचा. पुढे गुहांत चुन्याचे निक्षेप साचताना काही वायू परत सुटतो. चिनी भूवैज्ञानिक युआन दाओशियान यांच्या पुढाकाराने 1995 ते 1999 या काळात ‘कार्स्ट प्रक्रिया आणि कार्बनचक्र’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प याच प्रश्नावर चालला. आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या मार्गदर्शनानुसार वनभूमीच्या हिशेबात जमिनीवरील जैववस्तुमान, जमिनीखालील जैववस्तुमान, मृत लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय द्रव्य असे पाच साठे धरले जातात; पाण्यात विरघळलेला हा कार्बन त्यांत नाही.